एकच भूमिका, दुसरा नट... तुम्हाला चालतं का?

विंगेतून

आमच्या नाटकवेड्यांच्या ग्रुपवर गेला आठवडाभर जुंपलीये. विषय काय, तर सयाजी शिंदे तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' नाटक करतायत. त्यावर एका काकांचं म्हणणं की 1972 ला निळूभाऊंनी (निळू फुले) सखाराम केला, तिथे फाइल बंद, आता कोणी हात लावू नये. मग पन्नास मेसेज, मग दोन जण ग्रुप सोडून गेले (एक परत आला). मला तिथे टाइप करायचा कंटाळा आला म्हणून इथे सविस्तर लिहितोय, इथे निदान मोकळेपणाने भांडता येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी नाटकातल्या मोठ्या भूमिका एका नटाच्या कधीच नव्हत्या, आपणच त्या त्याच्या नावावर करून टाकल्यात. 'नटसम्राट' घ्या. 23 डिसेंबर 1970 ला पहिला प्रयोग, डॉ. श्रीराम लागू अप्पा बेलवलकर. आज कोणालाही विचारा, नटसम्राट म्हणजे लागू. पण त्यांच्यानंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तगड्या लोकांनी तोच अप्पा केला आणि तेव्हाच्या प्रेक्षकांनी तिकीट काढून बघितला. माझे वडील दुभाषींचा अप्पा बघून आलेले, त्यांच्या लेखी खरा अप्पा तो, लागूंचा नंतर कधीतरी बघितला आणि 'बरा होता' म्हणाले!! घरात केवढी शांतता पसरली असेल विचार करा. सांगायचा मुद्दा, ज्याने जो पहिला बघितला तो त्याचा. पुढे 2016 ला नाना पाटेकरचा सिनेमा आला, तेव्हा माझ्या मावसभावाच्या पिढीसाठी नाना हाच अप्पा झाला, त्याला लागू फक्त 'सिंहासन' आणि 'पिंजरा'वाले म्हणून माहीत.

'ती फुलराणी' नाटकाचंही तेच. 1975 ला भक्ती बर्वे. समोर पुन्हा सतीश दुभाषीच, या माणसावर वेगळा धागा काढायला हवा. मग प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष. चौघींची मंजुळा वेगळी. भक्तीताईंसारखी नाही जमली कोणाला हे मान्य, पण म्हणून बाकीच्यांनी करायलाच नको होती? अमृता सुभाषची फुलराणी बघून कॉलेजात नाटक करायला लागलेल्या दोन मुली माझ्या ओळखीतल्या आहेत.

आता प्रॉब्लेम कुठे झालाय सांगतो. आधी आजीआजोबा सांगायचे 'अहाहा काय काम केलं होतं', आपण मान डोलवायचो आणि नवीन नटाला बघायला जायचो, तुलना करायला हातात काही नव्हतंच. आता यूट्यूबवर जुनं रेकॉर्डिंग एका क्लिकवर पडलंय. नवीन नट एंट्री घेतो आणि रांगेतला अर्धा प्रेक्षक मनातल्या मनात ते रेकॉर्डिंग सुरू करून बसतो. आणि ते रेकॉर्डिंग कसलं, तर बऱ्याचदा शेकडो प्रयोग झाल्यावर, नट थकल्यावर, दोन कॅमेरे लावून केलेलं. त्याच्याशी दहाव्या प्रयोगातल्या पोराची तुलना!

तर बोला. कोणत्या भूमिकेत दुसरा नट चालला, कोणत्या चालला नाही, आणि का.

हाऊसफुल्ल

भावनिक लिहिलंयस पण बुकिंगच्या खिडकीवर उभं राहून बघ जरा. लोक नाव बघून तिकीट काढतात, भूमिका बघून नाही. प्रशांत दामलेंचा 12,500 वा प्रयोग झाला 6 नोव्हेंबर 2022 ला, मुंबईच्या अवाढव्य षण्मुखानंद हॉलमध्ये. षण्मुखानंद! तिथे नाटक लावायचं म्हणजे छातीच पाहिजे. ते लोक 'एका लग्नाची पुढची गोष्ट' बघायला आले होते की दामलेंना? उद्या त्याच नाटकात दुसरा कोणी टाक आणि रविवार दुपारचा बुकिंगचा प्लॅन किती भरतो ते मला सांग.

कोथरूडची_ताई

+1 हाऊसफुल्ल. पाचशे रुपये तिकीट, रिक्षा, मध्यंतरात वडा कॉफी, चौघांचं मिळून तीन हजार जातात. एवढे घालवून मी 'आज अमुक यांच्या जागी तमुक' अशी पाटी का वाचू? आणि ती पाटी लावतात कुठे, तर आत शिरल्यावर. एकदा असंच झालं होतं, नाटकाचं नाव नाही सांगत, ज्यांच्यासाठी गेलो ते मालिकेच्या शूटिंगला, त्यांच्या जागी आलेला मुलगा छान करत होता हो, पण सासूबाई मध्यंतरापर्यंत विचारत होत्या 'हा कधी जाणार आणि तो कधी येणार'.

विंगेतून

@कोथरूडची_ताई सासूबाईंना साष्टांग नमस्कार 😂

पण ताई, तुमचा राग पाटीवर आहे, मुलावर नाही. जाहिरातीत आधी कळवा, ज्याला नको तो पैसे परत घेईल, एवढं निर्मात्यांनी केलंच पाहिजे, यात दुमत नाही. आणि मालिकेमुळे प्रयोग शनिवार-रविवारातच कोंबावे लागतात हे खरंच मोठं दुखणं आहे. नट सोमवार ते शुक्रवार मढ आयलंड नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर अडकलेला, त्यातून एखादा रविवारही गेला की निर्माता काय करणार, थिएटरची तारीख तर आधीच घेतलेली असते.

@हाऊसफुल्ल दामले हा अपवाद आहे, नियम नाही. तो माणूस 2001 मध्ये एका दिवसात पाच प्रयोग करून बसलाय. त्याला मोजमापात धरायचं नसतं.

शंकेखोर

अपवाद कसा? मग काशिनाथ घाणेकर काय होते? भरत जाधव? 'सही रे सही' 15 ऑगस्ट 2002 पासून चालूये, त्यातून भरतला काढून दाखवा. चार-चार भूमिका, एका विंगेतून आत दुसऱ्या विंगेतून बाहेर. मराठीत दुसऱ्या कोणी केलंय का ते? नाही ना. मग.

पडद्यावरची

मराठीत नाही पण गुजरातीत शर्मन जोशीने केलंय आणि तुफान चाललंय. म्हणजे नाटकाच्या रचनेतच ती ताकद आहे ना? केदार शिंदेने ते यंत्र असं बांधलंय की चपळ नट आत घातला की ते पळतंच. भरतचं श्रेय कमी नाही करत, पण 'फक्त भरतच' हे पटत नाही.

शंकेखोर

गुजराती प्रेक्षक वेगळा. त्यांनी भरतला बघितलंच नव्हतं.

पडद्यावरची

अहो मूळ पोस्टमध्ये हाच तर मुद्दा आहे 😀

देवगडकार

माका ह्या चर्चेची गंमतच वाटता. आमच्या दशावतारात ह्यो प्रश्नच येणा नाय.

मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर पळतील. दशावतारात लिहिलेली संहिताच नसते. संध्याकाळी कंपनी गावात येते, पेटारा उतरतो, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि मग कोण कुठला पार्ट करणार ते. संवाद नट उभ्या उभ्या रचतो, हार्मोनियम आणि मृदंगवाला त्याच्याबरोबर पळतो. राजपार्टी (राजाचा पार्ट करणारा) आज एक, उद्या तो दुसऱ्या कंपनीत गेला तर दुसरा. स्त्री पार्ट करणारे पुरुषच. तरीही गावागावात भांडणं असतातच की अमक्याच्या तोंडचा राजा आणि तमक्याच्या तोंडचा राजा, लोक बारा-पंधरा किलोमीटर गाडी मारून रात्रीचे एखाद्या नटासाठी जातात. पण 'त्याच्यानंतर कोणी करू नये' असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. दरवर्षी जत्रा आहे, पार्ट कोणीतरी करायलाच हवा, देवाचं काम आहे ते.

2025 ला 'दशावतार' सिनेमा आला तेव्हा आमच्याकडच्या लोकांनी दिलीप प्रभावळकरांचं काम बघून हेच बोललेलं, की हा बाहेरचा माणूस, 81 वर्षांचा, आणि तरी बाबुली मेस्त्री आमच्यातला वाटला. चेहऱ्यावर रंग लावून बसायची पद्धत, आरशात बघायची नजर... सगळं जुळलं असं नाही म्हणणार, भाषा काही ठिकाणी सिनेमाचीच होती. पण माणूस पटला.

विंगेतून

@देवगडकार भारी लिहिलंत! आणि प्रभावळकरांचा विषय निघालाच आहे तर, या धाग्याला त्यांच्यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली मूळ चेटकीण कोण? प्रभावळकर. मग ती वैभव मांगलेने केली 2018 ला आणि आजच्या सगळ्या पोरांसाठी चेटकीण म्हणजे मांगले, माझी भाची चार वर्षांची असताना ओरडत घराबाहेर पळायची त्याचा फोटो बघून. 'हसवाफसवी' त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतः सहा भूमिका केल्या, आणि नंतर ते पुष्कर श्रोत्रीने केलं. लेखकानेच हातात दिलंय म्हटल्यावर आपण कोण 'करू नये' म्हणणारे?

रसिका_बदलापूर

पुष्करचं हसवाफसवी बघितलंय. पाच भूमिका उत्तम, पण ते म्हातारे गवई-नट कृष्णराव हेरंबकर... तिथे प्रभावळकर आठवलेच. त्यात पुष्करची चूक नाही. प्रभावळकर तरुणपणापासून म्हातारेच करत आलेत 😄 त्यांचा आवाज, ते थरथरणं कुठेही केल्यासारखं वाटत नाही.

फोंडेकर

गोव्यातून. आमच्याकडे जत्रेला आणि उत्सवाला गावातलेच लोक नाटकं करतात हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. देवळासमोर मांडव, गावातला शिक्षक, बँकेतला, दुकानवाला असे सगळे नट, नायिकेला कधी कधी बाहेरून नटी आणतात. संगीत नाटक असलं तर पहाट होते. आणि नाटकं कुठली, तर तीच, 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'मत्स्यगंधा', झालंच तर कानेटकरांची ऐतिहासिक. माझ्या काकांनी संभाजी केलाय आणि समोरच्या घरातल्या दादांनीही, आणि दोन्ही घरांत अजून वाद आहे.

देवगडकरांशी सहमत. ज्या गावात लोक स्वतः भूमिका करतात तिथे स्टारचं एवढं अप्रूप राहत नाही, आणि राहतंही, दोन्ही. मुंबईची कंपनी कला अकादमीत आली की आमची सगळी नटमंडळी पहिल्या रांगांत असतात, टाळ्या वाजवायला कमी आणि 'हे असं घेतलं बघ' करायला जास्त.

हाऊसफुल्ल

जत्रेतली नाटकं फुकट असतात हो फोंडेकर. तिथे नट बदलला तर कोणाचं काय जातंय. प्रश्न धंद्याचा आहे. निर्मात्याने नेपथ्य उभं केलं, कलाकारांची नाइट (प्रयोगाचं मानधन) द्यायची, बस, ट्रक, थिएटरचं भाडं, पेपरात जाहिरात. हे सगळं वसूल करायला चेहरा लागतो. मालिकेतला चेहरा असला की नाशिक-कोल्हापूरचा दौरा भरतो, नसला की रिकाम्या खुर्च्या.

विंगेतून

मान्य. पण मग 'देवबाभळी'चं काय करणार तू? 2017 ला आलं तेव्हा शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, दोघीही स्टार नव्हत्या. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख नाशिकचा पोरगा. आवली आणि रखुमाई, दोनच पात्रं, तेही संगीत नाटक. कागदावर सांगितलं असतं तर निर्मात्याने चहा पाजून परत पाठवलं असतं. आणि ते चाललं, लोक रडत बाहेर यायचे, प्राजक्तला त्यासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. म्हणजे चेहरा नसतानाही होतं.

हाऊसफुल्ल

एक देवबाभळी दहा वर्षांत. बाकीची नऊ कुठे गेली ते मी बघितलंय.

कोथरूडची_ताई

तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावायला पाहिजे.

सिनेमांबद्दल कोणीच बोलत नाहीये? मला तिथेच जास्त त्रास होतो. नाटकात निदान प्रत्येक नट ती भूमिका पन्नास प्रयोगांत घासूनपुसून घेतो. सिनेमावाले 40-50 दिवसांत शूट करून मोकळे आणि मग जगाच्या अंतापर्यंत तोच चेहरा त्या नावाला चिकटतो. 'कट्यार काळजात घुसली'चंच बघा. 1967 ला वसंतराव देशपांडे खाँसाहेब, गाणारा नट. 2010 ला नाटक परत आलं तेव्हा नातू राहुल देशपांडे, तोही गाणारा, स्वतःच्या गळ्याने. 2015 चा सिनेमा आला तेव्हा खाँसाहेब सचिन पिळगावकर आणि गळा राहुलचा. सदाशिव सुबोध भावे आणि गळा महेश काळेचा. म्हणजे रंगमंचावर ज्या एका माणसाने गायचं आणि जळायचं, ते काम दोन माणसांत वाटून घेतलं.

पडद्यावरची

ताई, पण त्या वाटणीमुळेच तर 'कट्यार' माझ्यापर्यंत पोचलं. मी जळगावची, नाट्यसंगीत घरात कोणी ऐकत नव्हतं, सिनेमा बघितला आणि मग वसंतराव शोधून ऐकले. महेश काळेला 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या हॉस्टेलवर मुली ते गाणं रिंगटोन म्हणून लावत होत्या. आणि सचिननी खाँसाहेब खरंच चांगला केलाय, मी एरवी त्यांची फॅन नाही पण तो मत्सर डोळ्यांत दिसतो. गाणारा माणूस क्लोजअपमध्ये कसा दिसतो माहितीये ना, नसा फुगलेल्या, तोंड वाकडं. सिनेमात ते चाललं नसतं.

कोथरूडची_ताई

का चाललं नसतं? खाँसाहेबाचं तोंड वाकडं झालंच पाहिजे! त्याचसाठी तर गातोय तो.

पण तू वसंतरावांपर्यंत पोचलीस हे आवडलं. त्यासाठी सचिनजींना माफ केलं, जा.

सुटीवाला

सुबोध भावेचा तर वेगळाच किस्सा आहे. 2018 ला सिनेमात काशिनाथ घाणेकर झाला, म्हणजे लाल्या करणारा नट केला. आणि 2019 ला 'अश्रूंची झाली फुले' नाटकात थेट लाल्याच केला. आधी भूमिका मग चरित्रपट असं असतं, याने उलटं केलं. आणि त्याच वर्षी प्रेक्षकांच्या मोबाइलवर वैतागून नाटकातच काम करणार नाही असं लिहिलं होतं. त्याच सुमारास नाशिकला सुमीत राघवननेही प्रयोग थांबवला होता.

शंकेखोर

मोबाइलचा विषय काढू नका, धागा 500 पोस्टवर जाईल.

घाणेकरांबद्दल मात्र कोणी काही म्हणा, तिथे दुसरा नट नाहीच. दातांचा डॉक्टर, 'रायगडाला जेव्हा जाग येते'चा संभाजी, मग लाल्या. शिट्ट्या पडायच्या नाटकाला, शिट्ट्या! लाल्या हे कानेटकरांनी लिहिलेलं पात्र, पण लोक बघायला जायचे घाणेकर आज काय करतो ते. सुबोधने प्रामाणिकपणे केलं, पण ती भूमिका नाहीच, तो माणूसच भूमिका होता.

विंगेतून

@शंकेखोर इथे मी तुझ्याशी अर्धा सहमत. घाणेकर, दादा कोंडके, आणि 'वस्त्रहरण'मधले मच्छिंद्र कांबळी, ही मंडळी पात्राच्या आत जात नाहीत, पात्र त्यांच्या अंगावर येतं आणि त्यांच्याबरोबर जातं. तिथे दुसऱ्या नटाचं अवघड असतं कारण संहितेत जे लिहिलंय तेवढंच त्याच्या हातात येतं, आणि मजा तर संहितेच्या बाहेर होती. उलट लाखोबा लोखंडे घे. 'तो मी नव्हेच' म्हणजे प्रभाकर पणशीकर, फिरता रंगमंच, वेषांतरं, सगळं खरं. पण अत्र्यांनी ते इतकं पक्कं लिहिलंय की नंतर गिरीश ओकांनी केलं तेव्हाही कोर्टातले सीन तसेच चालले. म्हणून माझी कसोटी ही, की नट बदलल्यावर हशा त्याच जागेवर येतो का. आला तर श्रेय लेखकाचं. नवीन जागेवर आला तर नवीन नटाचं. कुठेच नाही आला तर मग तुम्ही म्हणता ते बरोबर, गेला तो नट आणि गेलं ते नाटक.

रसिका_बदलापूर

ही कसोटी 'चारचौघी'ला लावून बघा. तिथे हशा नाही, पण विद्याचा तो टेलिफोनवरचा लांबलचक प्रवेश. 1991 ला वंदना गुप्ते, 2022 ला मुक्ता बर्वे. दिग्दर्शक तेच, चंद्रकांत कुलकर्णी. स्टेजवर बाई एकटी, समोर फोन, पलीकडचा आवाज ऐकू येत नाही. आईने वंदनाताईंचा बघितलेला, मी मुक्ताचा, दोघी शेजारी बसून बघितला. आई नंतर गाडीत म्हणाली वंदना चिडली होती, ही आतून तुटली. प्रशांत दळवींचे शब्द तेच! त्या दिवशी मला कळलं की आईला नाटकातलं माझ्यापेक्षा बरंच कळतं, इतकी वर्षं ती फक्त साड्या बघते असं वाटायचं.

बे_एरियातली_मावशी

उशिरा आले धाग्यावर, इथे सकाळ आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळाची हौशी मंडळी दरवर्षी नाटक बसवतात, सगळे दिवसा सॉफ्टवेअरवाले, रात्री कोणाच्या तरी गराजमध्ये तालीम. 'वाऱ्यावरची वरात' बसवायची ठरली, तर जो तो पु.लं.चं रेकॉर्डिंग बघून आलेला, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच! शेवटी दिग्दर्शिकेने फतवा काढला, प्रयोग होईपर्यंत कोणी यूट्यूब उघडायचं नाही. दोन आठवडे सगळं कोसळलं, कोणाला काही येईना. मग हळूहळू एकेकाचा स्वतःचा सूर लागायला लागला. कडवेकर मामी करणारी आमची नागपूरची आहे, तिने वऱ्हाडी ठसका आणला, काही जुन्या लोकांनी नाकं मुरडली पण पोरं खूप हसली.

फोंडेकर

मावशी, तो फतवा आमच्या गावात पण काढायला हवा. गेल्या वर्षी एकाने अप्पा बेलवलकर केला, पहिला अंक लागू आणि दुसरा अंक नाना 😂

हाऊसफुल्ल

तिसरा अंक?

फोंडेकर

तिसऱ्या अंकात वीज गेली, मग तो स्वतः. तेवढाच चांगला झाला.

शंकेखोर

बरं मग आता सयाजीचा सखाराम कोण कोण बघतंय? विंगेतून, तू बघितलास की नुसतंच बाजू घेतोयस?

विंगेतून

तिकीट काढलंय, बाल्कनी मिळालीये. आणि ग्रुपवरच्या त्या काकांनी पण काढलंय, पाचव्या रांगेत. मला विचारत होते मध्यंतरात कुठे भेटायचं.